मायदेशात जिंकलेला निमंत्रितांचा चषक: त्याला किंमत किती?

अंधेरीकर
जून 2018. अंधेरीच्या मैदानावर भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) यांच्यात फुटबॉलचा इंटरकॉन्टिनेंटल चषक झाला. अंतिम सामन्यात केनियाला 2-0 हरवून आपण जिंकलो, दोन्ही गोल कर्णधार सुनील छेत्रीचे. ‘घरी बोलावून हरवलं, त्यात काय मोठं’ असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. पहिल्या सामन्यात तैपेईवर 5-0 विजय, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. छेत्रीने व्हिडिओतून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या. 4 जूनला केनियाविरुद्ध तिकीट मिळेना! धो धो पाऊस, मैदानात डबकी, पास दिला की चेंडू अर्ध्यावर पाण्यात अडकायचा. मध्यंतरापर्यंत 0-0. चिंब भिजलो, पण शेजारचं एकही माणूस उठलं नाही. छेत्रीचा शंभरावा सामना होता तो, 3-0 जिंकलो.

डावा विंगर
गर्दीबद्दल वादच नाही. पण न्यूझीलंडने बरीचशी तरुण पोरं पाठवली होती, तरी साखळीत आपण त्यांच्याकडून 1-2 हरलो. 2023 मध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला 2-0 हरवून पुन्हा हाच चषक उचलला. सात महिन्यांनी कतारच्या आशिया चषकात काय झालं? ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिघांकडून हार आणि एकही गोल नाही. घरच्या चषकाने डोळ्यांवर झापड येते, हे माझं म्हणणं.

अंधेरीकर
मग 2019 चा आशिया चषक का विसरता? अंधेरीनंतर सातच महिन्यांनी अबुधाबीत थायलंडला 4-1 हरवलं. 1964 नंतर या स्पर्धेतला आपला पहिला विजय.

डावा विंगर
आणि पुढचे दोन्ही सामने हरून गटातच बाहेर पडलो, तेही सांगा ना.

पेठेतला गोलकीपर
घरी बोलावलं की यजमान जिंकतोच, हेही खरं नाही हो. याच चषकात 2019 मध्ये अहमदाबादला ताजिकिस्तानने आपल्याला 4-2, उत्तर कोरियाने 5-2 हाणलं, आपण चौथे. 2024 ला हैदराबादेत सीरियाकडून 0-3. म्हणून जिंकलेले दोन चषक मी फुकटचे मानत नाही. पण विंगरभाऊंचा मुद्दा मला जास्त लागतो. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना असला की बसायला जागा नसते, आणि तिथली पोरं रोज त्याच मैदानावर खेळून वाढतात. बाहेर गेली की पहिल्या वीस मिनिटांत पाय जड होतात, हे मी गोलमध्ये उभा राहून पाहिलंय. राष्ट्रीय संघाला घरी चार सामने द्या, पण तेवढेच ताश्कंद-दोह्यालाही खेळवा.

अंधेरीकर
बाहेर खेळवा, जरूर. पण घरचे सामने कमी करून नको. त्या पावसात माझ्यासोबत माझा नऊ वर्षांचा भाचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो फुटबॉलच्या क्लासला जायला लागला.