तोंड धुवायचं की चेहरा?

माजघर
काल एका बाईंची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. ‘शुद्ध बोला’ मालिकेतला कितवासा भाग. त्यात म्हणे, ‘तोंड धुणे’ हा गावंढळ प्रयोग आहे. तोंड म्हणजे जिथून खातो-बोलतो ते. धुतो तो चेहरा. मुलांना ‘चेहरा धुऊन ये’ म्हणायची सवय लावा. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई, चेहरा फारसीतून आलाय. त्याच्याशी माझं वाकडं नाही, मीही रोज वापरते. पण शुद्धतेच्या नावाखाली घरच्या शब्दाला ओसरीवर बसवायचं हा कुठला न्याय? तोंड संस्कृत ‘तुंड’वरून आलं. आरतीत वक्रतुंड म्हणताना गावंढळ वाटत नाही ना? नट तोंडाला रंग लावतो तो काय जिभेला लावतो? तोंड लपवणं, तोंड पाडून बसणं, तोंड फिरवणं, तोंडवळा आजीवर जाणं, यातलं एक तरी दातांबद्दल आहे का? मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातसुद्धा तोंडाचा अर्थ चेहरा दिलाय. उद्यापासून ‘दिवाळीच्या चेहऱ्यावर साखर महागली’ आणि ‘युद्धाला चेहरा फुटला’ असं लिहायचं का?

शिस्तप्रिय
गावंढळ हा शब्द चुकला, पण मुद्दा चुकला नाही. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, आठ दिवस तोंड धुवायचं नाही हं.” आमच्या घरात सकाळी तोंड धुणं म्हणजे दात घासणं. वडील आज्ञाधारक. आठ दिवस ब्रश नाही, चूळसुद्धा नाही. आणि डोळ्यांवर मात्र आंघोळीला बिनधास्त पाणी मारत होते, कारण त्याबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं! नवव्या दिवशी डॉक्टर तपासायला वाकले आणि दोन पावलं मागे सरकले. एकाच शब्दावर दहा कामं टाकली की हे असं होतं.

माजघर
“डोळ्याला पाणी लागू देऊ नका” म्हटलं असतं तर भागलं असतं. चूक सिस्टरची, शिक्षा तोंडाला. आणि ‘चेहरा धुवू नका’ ऐकून तुमच्या वडिलांनी काय केलं असतं याची कल्पना करतेय.

शिस्तप्रिय
माझ्या वडिलांवर विनोद नकोत.

निवृत्त टेबल
तोंडाचा विषय निघालाच आहे तर तोंडी आदेशांबद्दल कोणी बोलेल का? एकतीस वर्षं नोकरी केली. साहेब म्हणाले, “सोडा हो फाईल.” सोडली. चौकशी लागली तेव्हा साहेब मूग गिळून बसले आणि माझी वेतनवाढ दोन वर्षं थांबली. तेव्हापासून मी बायकोकडूनही भाजीची यादी लेखी घेतो. तोंडापेक्षा मुखत्यारपत्र बरं, त्यातलं मुख निदान कागदावर असतं.

कोशातला किडा
काका, मुखत्यारमध्ये मुख नाही. तो अरबी ‘मुख्तार’. निवडलेला, अधिकार दिलेला.

निवृत्त टेबल
घ्या! एकतीस वर्षं चुकीच्या समजुतीवर शिक्के मारले. लावा अजून एक चौकशी.

कोशातला किडा
मूळ मुद्द्यावर येतो. भांडण तोंड आणि चेहऱ्याचं नाहीच, तोंड आणि मुखाचं आहे. पोराला पाढे तोंडपाठ, शास्त्रीबुवांना गीता मुखोद्गत. जास्त बोलते ती तोंडाळ, ज्याला बोलता येत नाही तो बिचारा मुखदुर्बळ. देवाचं मुखदर्शन. लग्नात सासूबाई सूनमुख बघतात. सहा महिन्यांनी त्याच सुनेचं ‘तोंड चालतं’. मान सगळा मुखाला, शिव्या सगळ्या तोंडाला. त्या पोस्टवाल्या बाईंनी हीच उतरंड एक पायरी वर नेली, इतकंच.

माजघर
हे मी लिहायला हवं होतं. चरफडत मान्य करते.

परदेशी सांगलीकर
इकडे न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या लेकाला आजी फोनवर म्हणाली, “बाळा, मला तोंड आलंय, तिखट खाववत नाही.” त्याने मला हळूच विचारलं, “आधी नव्हतं?”

गुहागरी
सगळं आलं, तोंडीलावणं राहिलं की. आमच्याकडे आमटी-भात हे जेवण. बाकी फणसाची भाजी, भाजलेला पापड, सांडगी मिरची, लोणचं, सगळं तोंडीलावणं.

वऱ्हाडी ठेचा
फणसाची भाजी तोंडीलावणं? अख्खी भाजी? काय बाप्पा! तोंडी लावणं म्हणजे ठेचा, चटणी, लोणचं. बोटावर मावेल तेवढं. भाजी जेवतात, लावत नाहीत.

गुहागरी
भाताच्या घासाला चव आणते ती तोंडी लावायची वस्तू. आकाराचा नियम कोणी केला? तुमच्याकडे भाताला किंमत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही.

वऱ्हाडी ठेचा
तोंड सांभाळून बोला.

परदेशी सांगलीकर
चेहरा सांभाळून, चेहरा! धाग्याचं शीर्षक वाचा.

शिस्तप्रिय
इतकी भांडायची गरज नाही. पानाला डावी आणि उजवी बाजू असते. चटण्या, कोशिंबिरी, लोणची डावीकडे; भाज्या उजवीकडे. डावीकडचं ते तोंडीलावणं. विषय संपला.

सातारी माती
विषय संपला म्हणे. डावी-उजवी बाजू असायला ताटात आधी दोन जिनसा लागतात. आमच्यात भाकरी आणि कोरड्यास. मग ते पिठलं असेल, आमटी असेल, जे असेल ते. आणि कोरड्यास नसलं की बुक्कीनं फोडलेला कांदा, चटणीवर तेलाचे दोन थेंब. आई बांधावर फडकं सोडायची आणि म्हणायची, “तोंडी लावायला आज एवढंच हाय.” तिच्या वाट्याला बऱ्याचदा तेही नसायचं, ती भाकरी पाण्याबरोबर खायची आणि आम्हाला सांगायची की तिला तिखट सोसत नाही. मी नोकरीला लागल्यावर कळलं की तिला तिखट चांगलं सोसतं. आता सांगा, तो कांदा पानाच्या कुठल्या बाजूला वाढू? पुण्याच्या पंगतीचा नकाशा सगळ्या महाराष्ट्रावर अंथरू नका.

शिस्तप्रिय
मी नाशिकचा आहे.

सातारी माती
नकाशा पुण्याचाच आहे.

माजघर
‘तोंड धुणे’ला गावंढळ म्हणतात ते नेमकं हेच. शब्द कोणाच्या घरातला आहे ते बघून त्याला पाट द्यायचा.

सातारी माती
ताई, तुमची बाजू बरोबर आहे, पण माझ्या आईचा कांदा तुमच्या मुद्द्याला तोंडी लावू नका.

माजघर
...बरं. माफ करा.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात अळसांद्याचं तोणाक पावाबरोबर खातात. माझी आई त्याला ‘तोंडाक’ म्हणते. म्हणजे तोंडाला लावायचं तेच ना? मग एवढा वाटीभर रस्सा तोंडीलावणं होऊ शकतो. गुहागरीला माझा पाठिंबा.

कोशातला किडा
ऐकायला गोड आहे. पण कानाला गोड लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. काकांचं मुखत्यारपत्र आठवा.

निवृत्त टेबल
माझं नाव मध्ये घालू नका. घालायचंच असेल तर लेखी कळवा.

शिस्तप्रिय
सातारकरांचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. ‘तोंड धुणे’ शुद्ध आहे, मान्य. डावी-उजवी बाजू सगळ्यांची नसते, तेही मान्य. खूश? पण दवाखान्यात हा शब्द वापरायला बंदी हवी, यावर मी ठाम आहे.

माजघर
मग दातांच्या डॉक्टरांनी काय म्हणायचं? “मुख उघडा”?

शिस्तप्रिय
“आ करा.” माझे दंतवैद्य तेवढंच म्हणतात. आजवर घोळ झालेला नाही.

माजघर
हे मात्र बिनतोड आहे.

गुहागरी
फणसाची भाजी तोंडीलावणंच आहे.

वऱ्हाडी ठेचा
नाही.