ब्लोअरचा डायफ्राम पंप पाणी ओढत नाही, तातडीने मदत हवी

निफाडची_बाग: ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा (पंख्याच्या फवारणी यंत्राचा) पंप पाणी ओढत नाही. टाकी भरलेली आहे. प्रेशर उभं राहत नाही, नोझलमधून नुसते फुसके येतात. द्राक्षबाग फुलोऱ्यात, काल पाऊस झाला, आज पानांवर दव. डावणी रोगाची फवारणी आजच झाली पाहिजे. काय करू, लवकर सांगा.

विहीर_ते_बाग: फूट व्हॉल्व्ह गळत असणार. बाहेर काढून चामड्याचा वायसर बदला, वरून पाणी भरून एअर काढा आणि मग मोटर चालू करा.

निफाडची_बाग: दादा, विहिरीची मोटर नाही. फवारणीचा पंप आहे.

जुना_फिटर: पंप किती डायफ्रामचा, म्हणजे आत रबरी पडदे किती? तेलाचा रंग कसा आहे? पीटीओ, म्हणजे पंप फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, किती आरपीएमवर चालवता? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

निफाडची_बाग: तीन डायफ्रामचा. पीटीओ नेहमीप्रमाणे 540. तेल बघायला वेळ नाही, आधी ओढत का नाही ते सांगा.

जुना_फिटर: तेल बघायला दोन मिनिटं लागतात. पंपावरच्या पारदर्शक भांड्यात बघा. तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर डायफ्राम फाटून औषधाचं पाणी आत शिरलंय. तसं असेल तर पंप एक मिनिटही फिरवू नका, बेअरिंग गंजतील. तेल स्वच्छ असेल तर बहुतेक डायफ्राम शाबूत आहे, दोष दुसरीकडे.

येरळाकाठ: आमच्याकडे पलूसला मी सरळ एचटीपी, म्हणजे प्लंजरचा (दट्ट्याचा) पंप बसवला. डायफ्रामच्या भानगडीत पडूच नका. प्लंजरचा पंप दणकट.

बोर्डोवाला: दणकट कसला? मोरचूद-चुन्याचं पाणी एचटीपीतून दोन हंगाम मारलं, सील किती वेळा बदलले याचा हिशोब नाही. डायफ्राम पंपात औषध घासणाऱ्या भागांना लागतच नाही, मध्ये रबर असतं. म्हणून तर ब्लोअरला तोच देतात.

येरळाकाठ: सील गावात मिळतात. डायफ्राम तालुक्याला तरी मिळतो का विचारा.

द्राक्षप्रेमी: एअर चेंबरची, म्हणजे प्रेशर सम ठेवणाऱ्या भांड्यातली, हवा तपासा. माझ्या पंपाचं तेच झालं होतं, हवा भरली आणि पंप सुरळीत.

जुना_फिटर: चेंबरमधली हवा कमी झाली तर प्रेशरचा काटा थरथरतो, पाइप धडधडतात. पाणी ओढणं त्याने बंद होत नाही. नवीन माणसाची दिशाभूल करू नका.

द्राक्षप्रेमी: मी माझा अनुभव सांगितला.

निफाडची_बाग: तेल बघितलं, स्वच्छ आहे. जाळी पण धुतली, चुन्याचा गाळ निघाला. तरी तेच. सकाळी पहिली टाकी व्यवस्थित मारली, साडेअकरानंतर बंद.

बोर्डोवाला: चुना असेल तर व्हॉल्व्हही उघडा. सीटवर खडा बसला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, ओढलेलं पाणी मागे जातं.

जुना_फिटर: व्हॉल्व्ह खोलण्याआधी एक करा. हातमोजे घाला, टाकीचा पाइप पंपावरून सोडवा. हातभर लांब, तारेचा पाइप इनलेटला घट्ट क्लिप मारून बसवा आणि दुसरं टोक स्वच्छ पाण्याच्या मोठ्या टबात बुडवा. रेग्युलेटर बायपासला ठेवा, म्हणजे प्रेशर न धरता पाणी परत जाईल. पाणी ओढलं तर पंप चांगला, दोष टाकी ते पंप यामध्ये. नाही ओढलं तर मग व्हॉल्व्ह खोला. आणि हो, सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढण्याच्या, बाजूला हल्ली काही बदललंय का?

साखरपट्टा: फुलोऱ्यात कोणतं औषध घेताय? तांब्याचं घेऊ नका, घड करपतील.

निफाडची_बाग: औषध ठरलेलं आहे. टबातून व्यवस्थित ओढतो!! बदललं काही नाही. फक्त गेल्या आठवड्यात सक्शन पाइप तडकला होता म्हणून नवा टाकला. तो तर नवाच आहे.

जुना_फिटर: हेच आधी सांगायचं होतं भाऊ. नवा पाइप तारेचा कडक आहे की साधा मऊ?

निफाडची_बाग: साधा. दुकानात होता तोच घेतला.

जुना_फिटर: साधा पाइप बाहेर पाणी ढकलायला चालतो, ओढायला नाही. आतून ओढ बसली की तो चपटा होतो. सकाळच्या गारव्यात थोडा कडक होता म्हणून एक टाकी निघाली, उन्हात मऊ पडला. पंप टाकीला जोडून हळूहळू आरपीएम वाढवा आणि बाजूला उभं राहून पाइपकडे बघा. पीटीओपासून लांब राहा.

निफाडची_बाग: बघितलं. फिल्टरजवळच्या वळणावर पाइप पार पोटात गेलाय. रेस कमी केली की परत फुगतो.

बोर्डोवाला: हिरवा तारेचा सक्शन पाइप आणा. व्यास जुन्या पाइपाएवढाच घ्या, कमी नको. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंगही बघून घ्या, तिथून हवा घेतली तरी असंच होतं.

येरळाकाठ: एचटीपीलाही तारेचाच पाइप लागतो, हे मात्र खरं.

निफाडची_बाग: पाइप बसवला. ओ-रिंग एका बाजूला चिरलेली होती, तीही बदलली. 540 ला प्रेशर उभं राहिलं. दुसरी टाकी भरून निघालोय, तीन एकर अजून बाकी आहे. फिटर काका, आभारी आहे.

जुना_फिटर: फवारणी झाली की टाकीभर साधं पाणी पंपातून काढा. आतला चुना तसाच वाळू देऊ नका.