मदत हवी आहे : थेम्स आयर्नवर्क्सच्या कामगारांच्या फुटबॉल संघाबद्दल

पूर्व लंडनमधील थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याचा हौशी फुटबॉल संघ 1895 साली, संपानंतर मालक-कामगार संबंध सुधारावेत या हेतूने, मालक अरनॉल्ड हिल्स आणि फोरमन डेव्ह टेलर यांच्या पुढाकाराने उभा राहिला. 1898 मध्ये त्यात व्यावसायिक खेळाडू आले आणि 1900 साली त्याचाच वेस्ट हॅम युनायटेड हा फुटबॉल क्लब झाला. क्लबच्या बोधचिन्हावर रिव्हेट (लोखंडी पत्रे जोडणारे खिळे) ठोकायचे हातोडे मात्र टिकले. हिल्स स्वतः हौशी खेळाचे कट्टर पुरस्कर्ते, हा विरोधाभास मला विशेष रोचक वाटतो.

या पाच वर्षांत गोदीतले किती कामगार प्रत्यक्ष मैदानात उतरत होते, हे सांगणारे हजेरीपट किंवा कारखान्याच्या नियतकालिकाचे अंक लंडनमधील कोणत्या अभिलेखागारात पाहता येतील, हे जाणकारांनी कृपया कळवावे.