जॅझची थिअरी डोक्यावरून जातेय, मदत हवी आहे (जरा अर्जंट)

विजापूरवेस
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, रोज रात्री जॅझची थिअरी घेऊन बसतोय आणि आता डोकं फिरायची वेळ आलीय. मोडची (एकाच सप्तकाचे सूर वेगवेगळ्या सुरापासून सुरू करून होणाऱ्या स्वरमालांची) सातही नावं पाठ आहेत. कॉर्डमधले, म्हणजे एकत्र दाबायचे, सूर मोजता येतात. पण मामेभावानं पुण्याहून पाठवलेला कागद समोर ठेवून वाजवलं की भलतंच काहीतरी वाजतं. तो इथं सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला येतोय, गिटार घेऊनच. त्याच्यासोबत एक तरी गाणं धड वाजवायचंय. कुठून सुरू करू? पुस्तकं सुचवू नका, तेवढा वेळ नाही.

बासगिटार
गाणं कोणतं? कागदावर नक्की काय लिहिलंय? आणि "भलतंच" म्हणजे बेसूर, बेताल की नुसतं जॅझसारखं वाटत नाही?

शुद्धकल्याण
उगाच घाबरलात. मोड म्हणजे आपले थाटच. आयोनियन बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. सातवा लोक्रियन, त्याला आपल्याकडे थाट नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच नाही. रोज एक थाट घोटा, आठवड्यात काम होईल.

बासगिटार
शुद्धकल्याण, नावं त्यांना पाठ आहेत असं त्यांनीच लिहिलंय. अडचण पुढची आहे. १९५९ साली अमेरिकन ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसनं 'सो व्हॉट' केलं, त्यात सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) डी डोरियन, आठ बार अर्धा सूर वर, परत आठ बार डी. तिथं तुमचा काफी मजेत चालेल. बाकी बहुतेक गाण्यांत दर बारला कॉर्ड बदलते. दर बारला थाट बदलत बसणार का?

शुद्धकल्याण
बदलता यायला हवा. रियाझ नको म्हणणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही.

जुना रेडिओ
तुमचा वाद चालू द्या. जॅझ आपल्याकडे काल आलेला नाही, एवढंच सांगतो. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढं चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही गोव्याची मंडळी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आली आणि आपण ज्याला जुनी गाणी म्हणतो त्यांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे पेरून गेली. १९६८ साली शंकर-जयकिशननी 'रागा जॅझ स्टाइल' काढली, सतारीवर रईस खान. आधी ते ऐका. थिअरी गेली चुलीत.

नवीपेठ
एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या, टच सेन्सिटिव्ह. सेकंडहँड घेणार असाल तर सगळ्या पट्ट्या दाबून बघूनच घ्या. माझ्याकडे एक पडून आहे.

विजापूरवेस
कीबोर्ड नकोय, धन्यवाद. गाणं 'ऑटम लीव्ह्ज'. कागदावर पहिल्या ओळीत असं आहे: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए मायनर, डी सेव्हन, जी मायनर. बी फ्लॅट आणि ई फ्लॅटपुढं बारीक त्रिकोण काढलाय आणि ए-पुढं शून्याला काट मारल्यासारखं कायतरी. भाऊ लई घाईत लिहितो.

बासगिटार
ती घाई नाही हो, ती खूण आहे! त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, त्यात सातवा सूर शुद्ध. काट मारलेलं शून्य म्हणजे हाफ डिमिनिश्ड, मायनर सेव्हनमधला पंचम अर्धा सूर खाली. या खुणा सोडून वाजवलंत तर रंगच उतरतो. आता असं करा: डाव्या हातात कॉर्डचा मूळ सूर आणि सातवा, उजव्या हातात तिसरा आणि वर चाल.

विजापूरवेस
डाव्या हातानं कसं वाजवू? तो भात्यावर असतो.

बासगिटार
भात्यावर??? तुम्ही पेटी वाजवता?

विजापूरवेस
मग काय वाजवणार? लहानपणापासून पेटीच. मध्यमा पूर्णची परीक्षा झालीय, भजनाला साथ करतो.

बासगिटार
अहो महाराज, हे पहिल्या ओळीत सांगायचं! आम्ही सगळे तुम्हाला पियानोवर बसवून मोकळे झालो. आता एकच सांगा, कागद समोर ठेवल्यावर सा कुठं धरलात?

विजापूरवेस
पांढरी एक. सगळं सी-पासूनच सुरू होतंय ना.

नवीपेठ
म्हणून म्हणत होतो कीबोर्ड घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात.

बासगिटार
सापडलं! सी-पासून सुरू होतंय म्हणून सी हा सा होत नाही. सा काळी पाचवर धरा, म्हणजे बी फ्लॅट. मग पहिली कॉर्ड रे म ध सा, दुसरी प नि रे म, तिसरी सा ग प नि. जॅझवाले "टू-फाइव्ह-वन" म्हणतात ते हेच. रे-वरून प-वर, प-वरून सा-वर. निम्म्या गाण्यांत हाच रस्ता सापडेल.

पुढच्या चार म ध सा ग, नि रे म ध, मग ग, कोमल ध, नि, रे, आणि शेवटी ध सा ग (सातवा धरला तर वर प). अख्ख्या ओळीत बाहेरचा सूर एकच, डी सेव्हनमधला कोमल ध. बाकी सगळा बिलावल. (शुद्धकल्याण, खूश?)

एकाच हातानं वाजवायचंय ना? मग चारही सूर दाबू नका, पेटीवर त्याची खिचडी होते. प्रत्येक कॉर्डचा मूळ सुरापासून फक्त तिसरा आणि सातवा घ्या. मूळ सूर भाऊ गिटारवर देईल.

म-सा
म-नि
ग-नि
ग-ध
रे-ध
रे-कोमल ध
सा-प

वरून खाली वाचत या. शेवटची जोडी सोडली तर दर वेळी दोनातला एकच सूर हलतो, दुसरा दाबलेलाच राहतो. ऑक्टेव्ह (सप्तक) जवळचा घ्या, बोटं उड्या मारत असतील तर जागा चुकलीय. तूर्त मोड विसरा, तीन दिवस एवढंच.

शुद्धकल्याण
कॉर्डला सरगम लावणं मला पटत नाही. सा स्थिर असतो, तो असा काळी पाचवर नेऊन बसवायचा नसतो.

जुळेसोलापूर
काय बे, गाणाऱ्या बाई आल्या की काळी पाच, बुवा आले की काळी एक, पेटीवाले आयुष्यभर हेच करतात की.

जुना रेडिओ
पेटीवरून आठवलं, आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. अशा वाद्यावर जॅझ! बघा म्हणजे झालं.

विजापूरवेस
काल रात्री दीड तास तेवढंच वाजवलं. म-सा वरून म-नि वर आलो, सा जरासा खाली सरकला आणि ते एकदम लागलं. भाता तसाच दाबून ठेवून परत परत तेच वाजवत बसलो. आई आतून म्हणाली, "कुणाचं भजन आहे रे हे?" आता दोन अडचणी. एक, शेवटच्या सा-प वर सा असूनही घरी आल्यासारखं वाटत नाही. दोन, भावाला फोनवर ऐकवलं तर म्हणाला, "सूर बरोबर आहेत, पण आरतीसारखं वाजतंय."

बासगिटार
पहिलीचं उत्तर: तिथं घर ध आहे, जी मायनर. ओळ सुरू झाली तेव्हा सा घर वाटत होता, शेवटी ध झाला. मूर्च्छना बदलली समजा, सूर तेच पण घर दुसरं. भाऊ खाली ध वाजवेल तेव्हा सा-प बरोबर बसेल. एकटे असाल तेव्हा मंद्रातला ध स्वतः दाबा.

लूमगल्ली
आरतीचं मी सांगतो. सूर दोन सारखे तुकडे करून वाजवताय, टक-टक-टक-टक. आमच्या घरामागं पॉवरलूम आहे, ते बरोब्बर तसंच चालतं. स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, तकिट म्हणा. 'त' वाजवा, 'कि' मनात म्हणा, 'ट' वाजवा. त, ट, त, ट. पहिला लांब, दुसरा आखूड. हात मांडीवर ठेवून आधी तोंडानं म्हणा, पेटी नंतर. आणि जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, समेवर नाही. आपल्या लोकांचा हात समेवरच पडतो, तो पंधरा दिवस तरी ऐकणार नाही.

शुद्धकल्याण
हे तिस्र अंगाचं, मात्रेचे तीन भाग करण्याचं, म्हणणं मात्र मान्य. लय वाढली की दोन तुकडे सारख्याकडे झुकतात, तेव्हा तकिट घट्ट धरून बसू नका.

विजापूरवेस
तकिट म्हणत म्हणत पार्क चौकापर्यंत चालत जाऊन आलो, लोक बघत होते. घरी येऊन वाजवलं तर दुसऱ्या मात्रेवर जोर देताना भाताच तिथं दाबला जातोय, सूर एकदम मोठा होतो. जोर बोटानं द्यायचा की भात्यानं?

बासगिटार
भात्यानंच द्या. पियानोवाल्याला दाबलेला सूर नंतर फुगवता येत नाही, तुम्हाला येतो. फक्त हळू.

नवीपेठ
कीबोर्ड विकला गेला. कुणी विचारू नका.