जुन्या सोडा मशीनसाठी चाकांचा स्टँड – मदत हवी आहे (शनिवारच्या आत)

खळ्यातला:
मंडळी, जुनं सोडा मशीन दुरुस्तीला घेतलंय. जमिनीवर बसून काम करून कंबरेचं भजं झालंय. चाकांचा स्टँड करायचाय, म्हणजे दिवसा खळ्यात (अंगणात) काम आणि पाऊस आला की ढकलून पडवीत. लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी) कुठला आणि चाकं किती इंची, एवढंच सांगा. वेल्डर शनिवारी येतोय. या वेळी सुटला तर गणपती होईपर्यंत तोंड दाखवणार नाही. "यूट्यूबवर बघा" कृपया नको.

लोखंडी_चणा:
वजन? लांबी-रुंदी? मशीनला पाय आहेत की सपाट बूड? यातलं काहीच नाही आणि अँगल सांगा!

थंडगार:
मी कोलाचा जुना पेटी-कूलर असाच नीट केला, म्हणून सांगतो. काहीही करा, पण मशीन आडवं करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. आडवं झालंच असेल तर किमान एक दिवस उभं ठेवून मगच चालू करा. जुन्यांत आर-१२ गॅस असतो, तो आता मिळत नाही. स्टँडला मागून जाळी ठेवा, कंडेन्सरला हवा लागते.

खळ्यातला:
अहो, फ्रीज नाही! गोटी सोडा भरायचं मशीन. हाताने दांडा फिरवायचं, बिडाचं (ओतीव लोखंडाचं). कोकणात सोडा मशीन म्हटल्यावर दुसरं काय असणार?

माडाखाली:
मगे ता आधी सांगूक नको? वजन किती? दोघांक उचालता की चार माणसा लागतत?

खळ्यातला:
टेम्पोतून चौघांनी उतरवलं, तेही शिव्या घालत. काट्यावर कोण चढवणार?

लोखंडी_चणा:
१५० किलो धरू. वर तुमचा रेटा, पाने, हातोडे मिळून २०० समजा. खळं कधीच सपाट नसतं, त्यामुळे एक चाक अधांतरी राहतं. म्हणून हिशोब चार नाही, तीन चाकांवर करायचा. प्रत्येक चाक १०० किलोचं घ्या. खालची चौकट ५०×५०×६ एमएम अँगलची, उभे खांब आणि वरची चौकट ४०×४०×५ ची. पहिला मीटरला साडेचार किलो, दुसरा तीन किलो, त्यावरून भाव काढा.

सुतारपक्षी:
लोखंड कशाला? खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. ऐनाचे नाहीतर फणसाचे चौकोनी वासे घ्या, सांधा खाचेत बसवा, वर बोल्ट. आमच्या वाडीत असली कामाची टेबलं वडिलांच्या वेळची आहेत.

लोखंडी_चणा:
आणि वाळवी? ओल्या खळ्यावर लाकडाचे पाय! गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात दिले आणि सांध्यांतलं वेल्डिंग नीट घासलं की अँगलला काही होत नाही.

सुतारपक्षी:
चाकं आहेत ना खाली, लाकूड जमिनीला लागतंय कुठे? धागा वाचा आधी.

सोलकढीप्रेमी:
विषय थोडा वेगळा, पण हे मशीन चालू झालं तर कोकम सोडा करणार का? आणि गोटीच्या बाटल्या जुन्या आहेत की नव्या? माझ्याकडे माळ्यावर हिरवट काचेच्या आहेत.

जुनंते_सोनं:
हिरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट पक्कं केलं. आतला गॅसच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो, बूच लागतच नाही. भरताना बाटली उलटी करावी लागते, म्हणून तर मशीन फिरतं.

खळ्यातला:
धन्यवाद, पण मला चाकं हवी आहेत. वेल्डरला कॉड कोण ते नको आहे.

माडाखाली:
चाका सांगतंय. खळ्यात चिरे घातलेले की मातीचा? चिऱ्यांचा असला तर तीन इंची नायलॉनची चाका सांध्यात अडाकतली. सहा इंचाची रबरी घे. दोन सरळ, दोन फिरती.
पण खरी गोष्ट वेगळीच. चाकावर उभा ठेवन दांडो फिरवलंस तर स्टँड नाचतलो. ब्रेक चाक धरता, स्टँडाक धरणा नाय. चारय कोपऱ्यांक जाड नट वेल्ड कर, त्यात लांब बोल्ट खाली सोड, बोल्टाच्या टोकाक पत्र्याची थाळी. काम करताना बोल्ट पिळून चाका जमिनीपासून उचल. चाका फक्त ढकलूसाठी.

लोखंडी_चणा:
हे बरोबर. २० एमएमचा बोल्ट चालेल. आणि खालची चौकट वरच्यापेक्षा रुंद हवी, खास करून दांड्याच्या बाजूला.

थंडगार:
उंची कोणीच विचारली नाही. दांड्याचा आस तुमच्या कोपराच्या उंचीवर आला पाहिजे. दांडा पूर्ण फिरताना चौकटीला आपटणार नाही एवढी जागा सोडा. (फ्रीजवाल्यालाही थोडं कळतं.)

खळ्यातला:
हे चांगलं सांगितलंत. चिऱ्यांचंच खळं आहे. मशीनचे चार पाय थेट अँगलला बोल्ट करतो. एक पाय तडकलेला आहे, त्याला वेल्डर टाका मारेल.

लोखंडी_चणा:
थांबा! तडकलेला आहे हे आत्ता सांगताय? बिडावर साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड चालवू नका. वेल्डच्या शेजारी नवी तड जाते. निकेलचा रॉड, आधी गरम करून, नंतर राखेत सावकाश थंड. नाहीतर पितळेचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं. हे जमत नसेल तर पाय तसाच ठेवा आणि त्याच्याखाली जाड पट्टीचं खोगीर करा.

सुतारपक्षी:
आणि आता ऐका. चारही पाय एका पातळीत टेकत नसतील आणि तुम्ही बोल्ट आवळलेत तर बीड तुटतं, वाकत नाही. म्हणून मध्ये फणसाची फळी घाला, अर्धवट टेकलेल्या पायाखाली पत्र्याची पॅकिंग. फळी थोडी दबते, बीड वाचतं. स्टँड करा लोखंडाचा, मला काय.

जुनंते_सोनं:
मशीन विलायती असेल तर बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाच्या आट्यांचे असतील. एमएमचे पाने डोकी गोल करतील. अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे. कुडाळला नाही मिळाले तर आंबोली चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बघा.

खळ्यातला:
बरं. शेवटचं, सोड्याच्या गॅसचा सिलिंडर पण स्टँडवरच ठेवतो, एक कडी घालून. म्हणजे एकच ढकलगाडी.

लोखंडी_चणा:
नको. ढकलताना कलला आणि व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर बाणासारखा सुटतो. भिंतीला साखळीने उभा बांधा, तोही पडवीत. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहत नाही, उन्हात दाब भराभर चढतो आणि मे महिन्यात तुमचं खळं ३१ वर कधीच जातं. रेग्युलेटरशिवाय जोडू नका. मशीनची पहिली चाचणी गॅसने नाही, पाण्याच्या दाबाने घ्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलं तर गळतं, उडत नाही. आणि बाटल्यांभोवतीची जाळी काढून कोणी हौशी माणूस दांडा फिरवणार नाही हे बघा.

थंडगार:
आतली तांब्या-पितळेची भांडी उघडी पडली असतील तर कल्हई करून घ्या. सोड्याचं पाणी आंबट असतं, तांबं खातं.

सोलकढीप्रेमी:
कल्हईवाला मिळतो अजून? आमच्याकडे येणंच बंद झालं. आणि मशीन विकणार असाल तर कळवा.

खळ्यातला:
विकायचं नाही. ठरलं: खाली ५०, वर ४०, सहा इंची रबरी, कोपऱ्यांत बोल्ट, फणसाची फळी, तडकलेल्या पायाला खोगीर. सिलिंडर भिंतीला. वेल्डरचा आत्ताच फोन आला, शनिवारी लग्न आहे म्हणून उद्या सकाळीच येतोय!

माडाखाली:
मगे आज रातीच पायांच्या भोकांचा अंतर घे. टेपान मोजू नको, जुना ओतकाम चौकोनात नसता. पायांखाली पुठ्ठो सरकव आणि भोकातसून पेन्सिल मार.