एका सेमिस्टरसाठी परदेशी जावं का? माझं मत: जावं, पण क्रेडिटचा कागद आधी हातात घेऊन

लेथवाला

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पालकांसाठी एक्स्चेंजबद्दल बैठक झाली. एका काकूंनी सरळ विचारलं, "सहा महिने पाठवून पोराला नक्की मिळतं काय?" व्यासपीठावरून उत्तर आलं, "सीव्हीला वजन येतं." मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. सीव्हीपुरतंच असेल तर एवढा खर्च करूच नये. मी पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलला आहे. पाचवं सेम जर्मनीतल्या श्टुटगार्टला केलं. तिथल्या विषयांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे सहीशिक्क्यानिशी लेखी मिळाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये, एवढी एक अट पाळून जरूर जावं, असं मी म्हणेन.

काय मिळतं ते सांगतो. टर्मवर्कच्या फाइलवर सही घ्यायला रांग नाही, लेक्चरला हजेरीचे मार्क नाहीत. माझ्या बहुतेक विषयांना शेवटी एकच पेपर होता आणि सगळं त्यावर. दर आठवड्याला सरावाची गणितं मिळतात, ती सोडवलीत का म्हणून कोणी मागे लागत नाही. पण काही विषयांत त्यात ठरावीक गुण मिळाले नाहीत तर पेपरलाच बसता येत नाही. परीक्षेची नोंदणीसुद्धा वेगळी, आपली आपण, मुदतीत करायची. ऑफिसातल्या काकांना विनवून उशिरा फॉर्म भरता येईल, ही आशा तिथे ठेवायची नाही. पहिला महिनाभर मला हे सैल वाटलं. डिसेंबरपर्यंत कळलं की अभ्यासाची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक पुणेकर विद्यार्थ्याने बघावी अशी आहे. निकालानंतर एक दिवस ठरवून देतात, त्याला 'क्लाउझुरआइनझिश्ट' म्हणतात. त्या दिवशी खोलीत जायचं, ओळखपत्र दाखवायचं, आणि आपला तपासलेला पेपर आपल्यासमोर येतो. सोबत गुणांची विभागणी असते. हीट ट्रान्सफरच्या एका गणितात मी वर्गात शिकवलेली रीत सोडून दुसरी वापरली होती आणि तिथे लाल रेघ होती. तपासणारा सहायक शेजारी येऊन बसला. मी पायऱ्या समजावल्या, त्याने कागदावर स्वतः पुन्हा करून पाहिल्या, "बरोबर आहे" म्हणाला आणि गुण वाढवून सही केली. दहा मिनिटांत विषय संपला. इथे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला अर्ज आणि फी, पुनर्मूल्यांकनाला पुन्हा अर्ज आणि फी, आणि चूक नेमकी कुठे झाली हे समोरासमोर विचारायची सोयच नाही. तपासणाऱ्याशी वाद घालता येतो आणि तो ऐकूनही घेतो, हे पाहिल्यावर मी गणितं सोडवायला लागलो ते वेगळ्याच हिमतीने.

आता दुसरी बाजू. जाताना मला "होईल रे ॲडजस्ट" असं तोंडी सांगितलं होतं. परतल्यावर दोन विषय "सिलॅबस जुळत नाही" म्हणून नाकारले गेले. ते मी सध्या ज्युनियर्सबरोबर देतोय. म्हणून हा धागा. मतं मांडा.

डहाणूकरचे काका

तुझ्याच वयाचा मुलगा घरी आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. अनुभव छान लिहिलायस, पण पैशांचा मुद्दा तू एका ओळीत उडवून लावलास.

जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून त्यासाठी महिना 992 युरो धरतात. सहा महिन्यांचे झाले 5,952. युरो शंभर रुपयांचा धरला तरी सहा लाखांच्या घरात, वर तिकीट आणि विमा वेगळा. शिवाय इथल्या कॉलेजची फी चालूच. नोकरदार माणसाने हे कुठून काढायचे? पी. एफ. मोडून? आमच्या सोसायटीत एकाने मोडला, मला माहीत आहे.

आणि मिळालं काय, तर स्वतःच्या जबाबदारीवर अभ्यास. अरे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा खाणारी, लातूर-नांदेडहून आलेली मुलं ही जबाबदारी सतराव्या वर्षी शिकतात. त्यासाठी श्टुटगार्ट लागत नाही. तिसऱ्या वर्षात इंटर्नशिप शोधायची असते, सातव्या सेमच्या सुरुवातीला कंपन्या यायला लागतात, आणि त्याच वर्षी तुझे दोन विषय मागे राहिले. हिशेब तूच कर.

पेठकरीण

काकांशी सहमत, पण कारण वेगळं. एक सेमिस्टर फार तोकडं पडतं.

मी जर्मनीतच, आखेनला पूर्ण मास्टर्स केलं, चार सेमिस्टर. पहिलं सेमिस्टर कुठे गेलं ते मला कळलंच नाही. पत्त्याची नोंदणी, बँक खातं, आरोग्य विमा, रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद मागतात. मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या दोन लेव्हल करून गेले होते, तरी तिकीट तपासनीस भरभर बोलायला लागला की पाटी कोरी. जरा कुठे ऐकू यायला लागलं, दोन जर्मन मुली जेवायला बोलवू लागल्या, तोवर फेब्रुवारी आला. एक्स्चेंजवाली मुलं त्या वेळी बॅगा भरत होती. त्यांच्यातली बरीचशी आपापसातच राहायची, मराठी-हिंदी बोलायची आणि शनिवार-रविवार प्राग नाहीतर पॅरिस. मजा केली, करावीही. पण त्याला शिक्षण म्हणू नये.

पुण्याला परदेशी शिकण्याची जुनी परंपरा आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या, सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध असतानाही, आणि 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो का, हा प्रश्न होता. मोजमापातून तसा संबंध दिसला नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं, मार्गदर्शकाला वंशश्रेष्ठतेच्या कल्पना प्रिय असूनही. असं ठाम उभं राहायला त्या विद्यापीठात मुरावं लागतं. सहा महिन्यांत माणूस पाहुणाच राहतो.

खडू-फळा

मी पुण्यातल्या एका कॉलेजात काही वर्षं एक्स्चेंजचं काम पाहिलं आहे. विद्यार्थ्यांचा राग समजतो, पण विभाग मुद्दाम अडवतो हा समज काढून टाका.

पहिली अडचण कॅलेंडरची. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च. तास साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि पेपर त्यानंतर. आपलं सम सेम (चौथं, सहावं) तोवर सुरू होऊन बरंच पुढे गेलेलं असतं. उन्हाळी सेमला जावं तर ते एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे इथली एंड-सेम बुडते आणि पुढचं विषम सेमही अर्धं कापलं जातं. एका सेमसाठी गेलेला मुलगा दोन सेमना धक्का लावून येतो. पालकांच्या बैठकीत हे कोणीच सांगत नाही.

दुसरी अडचण क्रेडिटची. तिकडे एक क्रेडिट म्हणजे स्वतःच्या अभ्यासासकट 25 ते 30 तासांचं काम, आणि पूर्ण सेमिस्टर 30 क्रेडिटचं. आपण साधारण 15 तास लेक्चरला एक क्रेडिट धरत आलो. त्यामुळे सहाला सहा असं जुळवता येत नाही. सिलॅबस उघडून, युनिट युनिटाला लावून बघावं लागतं. ते कोण करणार? ज्याच्याकडे आधीच तास, नॅक मूल्यांकनाच्या फाइली आणि प्रोजेक्टचे गट आहेत, तोच. मुलगा विषय ठरवतो तिथे पोचल्यावर, कारण वेळापत्रक तेव्हा लागतं, आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर विचारतो, "सर, हा चालेल का?" रात्री साडेअकराला मी काय सांगणार? "होईल ॲडजस्ट" हे वाक्य तिथूनच येतं.

इंदापूरचा

वर सगळे सहा लाख असलेल्या घराबद्दल बोलतायत. मी हॉस्टेलवर राहतो, वडील ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाचा हिशेब लिहितात. काका, जबाबदारी आम्ही शिकलो हे खरं, पण म्हणून आम्हाला बाकी काही नको असा अर्थ काढू नका. जबाबदारी मला येते. तपासणाऱ्याच्या शेजारी बसून "माझी रीत बरोबर आहे" म्हणायचं धाडस मात्र मला नाही, आणि कॉलेजने ते कधी मागितलंही नाही. लेथवाल्याचं पोस्ट वाचताना मी तिथेच थांबलो.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती परदेशात पदव्युत्तर किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी. बी. ई. च्या मधल्या एका सेमला ती लागू नाही. इरास्मस या युरोपच्या एक्स्चेंज योजनेतल्या काही जागांना प्रवासाचे आणि महिन्याच्या खर्चाचे पैसे मिळतात, हे मला नोटीस बोर्डवरून कळलं नाही. मुलाखती झाल्यावर मित्राकडून कळलं. माहिती चार जणांच्या ग्रुपमध्ये फिरते आणि मग म्हणतात, गरीब मुलं अर्जच करत नाहीत.

पेठकरीणताई, तुम्हाला सहा महिने तोकडे वाटतात. मला दोन वर्षं परवडणारच नाहीत. मला मिळालं तर सहा महिनेच मिळेल, तेही कोणी खर्च उचलला तर.

डहाणूकरचे काका

इंदापूरच्या मुला, तुझं बरोबर आहे. ज्याला पूर्ण शिष्यवृत्ती मिळते त्याने जावं, यात मला शंका नाही. माझा विरोध आहे तो पगारदार माणसाने कर्ज काढून पाठवण्याला. तो कायम आहे.

लेथवाला

काका, पैशांचं मी नीट लिहायला हवं होतं असं वाटत असेल तर आता लिहितो. ते 992 युरो भरून टाकायची फी नसते. पैसे आपल्याच नावाच्या खात्यात अडकवून ठेवतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा आपल्याला खर्चाला परत मिळतात. कमी खर्च केला तर उरतात. मी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जेवायचो, रात्री डाळ-भात. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 2017 पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे, पण करारातून एक्स्चेंजला गेलेल्याला ती माफ. तरीही रक्कम मोठी आहे, हे मान्यच.

पेठकरीणताई, पाहुणा राहतो हे खरं. पण पाहुण्यालाही काही दिसतं. इरावतीबाईंचं उदाहरण तुम्ही मुरण्यासाठी दिलंत, मी ते माझ्या बाजूने घेतो. मार्गदर्शकाला आवडणार नाही असं उत्तर लिहिणं, आणि ते पुराव्याने लिहिलं तर पदवी अडत नाही, ही सवय आपल्याकडच्या वर्गात कुठे लागते? ती चालू असलेली मी प्रत्यक्ष पाहिली. चार सेम राहिलो असतो तर जास्त पाहिली असती, एवढाच फरक.

सर, तुमचा कॅलेंडरचा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करतो. इथलं सहावं सेम सुरू होऊन पुढे गेलं होतं तेव्हा मी तिथे पेपर देत होतो. पण म्हणूनच कागद आधी हवा. इरास्मसच्या जागांना लर्निंग ॲग्रीमेंट असतंच: विद्यार्थी, पाठवणारं कॉलेज, घेणारं विद्यापीठ, तिघांच्या सह्या, आणि कोणत्या विषयाऐवजी कोणता ते जाण्याआधी लिहिलेलं. तिथे गेल्यावर विषय बदलला तर बदलाचाही कागद होतो. हेच कॉलेजांच्या आपसातल्या करारांना का लावत नाही? अकॅडमिक कौन्सिलने एकदा ठराव केला की रात्री साडेअकराचे मेसेज आपोआप थांबतील.

खडू-फळा

ठराव मांडायची माझी तयारी आहे. मात्र मुलांनीही तिथल्या विषयांचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, आधी वाचून यावं. मागच्या वर्षीचं संकेतस्थळावर सहसा मिळतं, बरेच विषय दरवर्षी तेच असतात. पाच विषय मागा, मी तीन मान्य करेन. कंट्रोल्स या विषयाला मी कधीच हो म्हणणार नाही, कारण आमचं लॅब त्याला जोडलेलं आहे. उरलेल्या दोन विषयांसाठी उन्हाळ्यात वेगळी परीक्षा ठेवता येते, ज्युनियर्सबरोबर वर्षभर थांबायची गरज नाही. तुझ्या बाबतीत हे का झालं नाही, ते मला सांगता येणार नाही.

पेठकरीण

हे झालं तर माझा निम्मा विरोध मागे. भाषेचा मुद्दा मात्र सोडणार नाही. विषय इंग्रजीत असले तरी जर्मनची ए-टू लेव्हल झाल्याशिवाय जाऊ नये. पुण्यात जर्मन शिकायची सोय नाही असं कोणी म्हणू शकत नाही. रानडे इन्स्टिट्यूटपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळीकडे शिकवतात.

इंदापूरचा

सर, नोटिशीचंही ठरावात घाला, फक्त क्रेडिटचं नको. मराठीत एक पान, हॉस्टेलच्या बोर्डवर. आणि लेथवाला, हिवाळी सेमसाठी सुरुवात नक्की कधी करायची? मी आत्ता तिसऱ्या सेमला आहे.

लेथवाला

आत्ताच. हिवाळी सेमची नावं आपल्या कॉलेजकडून साधारण एप्रिल-मे मध्ये तिकडे जातात, म्हणजे इथली निवड त्याआधी उरकते. पासपोर्ट नसेल तर या आठवड्यात अर्ज टाक. हँडबुकमधले विषय मी तुला काढून देतो, रविवारी संध्याकाळी नळस्टॉपला भेट.