ब्रिज पॉप्युलेशनला मराठीत काय म्हणायचं?

एचआयव्हीवरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. ब्रिज पॉप्युलेशनला (जास्त लागण असलेल्या गटातून इतरांपर्यंत विषाणू पोचवणारे लोक) मी 'सेतू गट' लिहिलंय पण वाचून कोणाला काही कळेल असं वाटत नाही. आणि कॉन्सन्ट्रेटेड, जनरलाइज्ड एपिडेमिक याला काय लिहू?

—

कॉन्सन्ट्रेटेडला 'एकवटलेली साथ' लिहा. अर्थ ठरलेला आहे, एखाद्या गटात (सेक्स वर्कर, सुईने नशा करणारे, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) लागण सातत्याने ५ टक्क्यांच्या वर पण गरोदर बायकांत १ टक्क्याच्या आत. गरोदर बायकांतही १ टक्क्याच्या वर गेली की जनरलाइज्ड, त्याला 'सर्वदूर साथ' चालेल. नुसतं 'मोठी साथ' लिहू नका हां, मुद्दा आकड्याचा कमी आणि साथ कशावर जगतेय त्याचा जास्त आहे, म्हणजे सर्वदूर झाल्यावर ती गटांच्या बाहेर, नेहमीच्या नात्यांतूनच चालू राहते.

—

सेतू नको, 'दुवा गट' करा. आणि हे दुवे म्हणजे कोण ते तिथेच स्पष्ट लिहा प्लीज, बहुतेक वेळा पैसे देऊन संबंध ठेवणारा पुरुष, जो घरी कोणाचातरी नवरा असतो. मराठीत सर्रास 'वेश्यांकडून समाजात पसरतो' असं लिहितात त्याचा मला फार राग येतो, अहो त्या बाईला तो कोणीतरी दिलाच ना, आणि तिच्याकडून घेऊन घरी नेणारा वाक्यातून गायबच! बायकोचा दुसऱ्या कोणाशी संबंध नसतो तरी तिला लागण होते, कारण नवऱ्याला कंडोम वापर म्हणायची सोयच तिला नसते.

—

सहमत. 'पसरत गेला' या क्रियापदाबद्दलही जपून. थायलंडचं उदाहरण सगळे देतात, १९८८ ला बँकॉकमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत लागण एकदम वाढली, १९८९ ला चियांग मायच्या कुंटणखान्यांतल्या ४४ टक्के बायकांत सापडली, मग सैन्यात भरती होणारी पोरं, मग गरोदर बायका. एका ओळीत मांडलं की वाटतं एकाने दुसऱ्याला दिला. पण विषाणूचे प्रकार तपासले तर नशा करणाऱ्यांत सुरुवातीला मुख्यतः बी होता आणि लैंगिक संबंधांतून पसरणारा ई, म्हणजे दोन साथी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या सुरू झालेल्या. त्यामुळे 'आधी इथे दिसला, नंतर तिथे दिसला' असं लिहिलेलं बरं.

—

आणि जनरल पॉप्युलेशनला 'सामान्य जनता' नको, मग बाकीचे असामान्य का? 'इतर लोकसंख्या' पुरे. थायलंडने १९९१ पासून देशभर कुंटणखान्यांत कंडोमशिवाय संबंध नाही असा नियम लावला आणि पुढे भरतीच्या पोरांतली लागण उतरली, म्हणजे दुव्यावरच काम केलं. पुस्तिकेत 'ब्रिज पॉप्युलेशन' हा शब्द आहे तो यासाठीच, म्हणून तिथे 'गिऱ्हाईक पुरुष' असं सरळ येऊ द्या.

—

'दुवा गट' घेतला, कंसात 'गिऱ्हाईक पुरुष, त्यांच्या बायका' असं लिहिलं तर चालेल?

—

बायका नको. त्यांच्यापर्यंत विषाणू पोचतो, त्या दुवा नव्हेत.